खापरखेड्याची वीज, राख आणि आपली शेती

(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



खापरखेड्याच्या चिमण्या आपण रोज पाहता. येथील औष्णिक विद्युत केंद्रात २१० मेगावॅटचे चार आणि ५०० मेगावॅटचा एक असे पाच संच असून एकूण क्षमता १,३४० मेगावॅट आहे. २१० मेगावॅटचा पहिला संच १९८९ मध्ये, तर ५०० मेगावॅटचा संच २०११ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्राच्या विजेचा मोठा भाग आजही कोळशापासूनच मिळतो. या विजेचा आपल्या शेतीशी काय संबंध, ते आज पाहू.

केंद्रात कोळसा दळून त्याची पूड बॉयलरमध्ये जाळतात. पाण्याची वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरते आणि त्याला जोडलेले जनित्र वीज देते. थंड पडलेला बॉयलर तापवून संच पूर्ण भारावर आणण्यास कित्येक तास लागतात. म्हणून हे संच रात्रीही चालू ठेवावे लागतात. रात्री इतर मागणी उतरली की कृषिपंपांना वीज देणे सोयीचे होते. रात्रीच्या ओलिताचे हे एक मोठे कारण आहे. साप-विंचवाच्या भीतीत अंधारात दांड फोडण्याचा त्रास आपण जाणताच. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. तथापि, सूर्य मावळल्यावर भार मुख्यतः कोळशाच्या संचांवरच येतो.

आता एक हिशेब करू. पाच अश्वशक्तीचा पंप आठ तास चालला तर सुमारे ३० युनिट वीज लागते. एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरला तर २१ किलो कोळसा जळतो. आपल्या कोळशात सुमारे एक तृतीयांश राख असते. म्हणजे एका पाळीमागे सात किलो राख उरते. ही राख कोठे जाते, हा खापरखेडा परिसराच्या जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

राखेबाबत पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१) राख हे खत नव्हे. तिच्यात नत्र व सेंद्रिय कर्ब नाममात्र असतात. पालाश, कॅल्शियम, गंधक व सूक्ष्म अन्नद्रव्ये असतात, पण सोबत जड धातूही असतात. बोरॉन जास्त झाल्यास पिकास अपाय होतो.

२) भारी जमीन मोकळी होण्यास राखेचा उपयोग होऊ शकतो. मात्र माती व राख दोन्हींची तपासणी करून, कृषि विद्यापीठाच्या सल्ल्यानेच मात्रा ठरवावी. प्रथम थोड्या क्षेत्रात, शेणखतासोबत वापर करावा. फुकट मिळते म्हणून ट्रॉल्या रिकाम्या करू नयेत.

३) राखेचे पाणी शेतात शिरल्यास ती लगेच नांगरून मातीत मिसळू नये. आधी महसूल व कृषि खात्यामार्फत पंचनामा करून घ्यावा, माती व विहिरीच्या पाण्याचे नमुने तपासावेत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी.

विजेची बचतही आपल्या हाती आहे. पाच अश्वशक्तीच्या पंपास दोन केव्हीएआरचा कपॅसिटर बसवावा, गळका फूटव्हॉल्व्ह बदलावा आणि संत्रा व कपाशीस ठिबक वापरावे. पंप जितके तास कमी चालेल तितका कोळसा कमी जळेल, राखही कमी होईल आणि विहिरीत पाणी शिल्लक राहील.