देणगी, भाग आणि घर

मठाच्या वर्धापनाच्या मंगल प्रसंगी सुरतेतील भक्तमंडळींपुढे गरिबाच्या घराचा विषय यावा, हे औचित्याला धरूनच आहे.

तापीकाठचे हे नगर कापडावर जगते, आणि ते कापड विणणाऱ्या हातांत खानदेशातून आलेल्या हातांची संख्या मोठी आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची कुटुंबे तापी खोऱ्याच्या रेल्वेने येथे आली आणि उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत स्थिरावली. यंत्रमागावरच्या पाळ्या बारा-बारा तासांच्या. एका खोलीत राहणारे मजूर झोपतातही पाळीनेच. एक उठून कामावर गेला की दुसरा त्याच वळकटीवर अंग टाकतो. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला, तेव्हा सखल वस्तीत राहणे म्हणजे काय, हे अवघ्या नगराने पाहिले. अशा आपत्तीत अन्नवस्त्राचे दान चटकन उभे राहते. घराचे तसे नाही. शिधा एका दिवसाचा असतो, घराचे देणे वीस-वीस वर्षे फेडावे लागते. इतका काळ केवळ दयेच्या बळावर कोणाचाही निधी चालत नाही.

मग तो कशाच्या बळावर चालतो? या प्रश्नाचे एक उत्तर शतकापूर्वी एका मठाच्या शिष्यवर्गानेच शोधले. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळच गावदेवी आहे. तेथे १९१५ च्या मार्च महिन्यात सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्थेची नोंदणी झाली. तिचे सभासद बहुतांशी शिराळीच्या श्रीचित्रापूर मठाचे अनुयायी होते. कारवार-होनावरकडून मुंबईत आलेले कारकून, शिक्षक अशी ही मंडळी. पगार नियमित, पण बेताचा. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत स्वच्छ, हवेशीर खोली मिळणे दुर्घट झाले होते आणि मिळालीच तर तिचे भाडे परवडत नव्हते. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडून नव्या जागा आखल्या. गावदेवीची जागा त्यांपैकीच होती.

या उद्योगाचे सूत्रधार रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी. त्यांची पद्धत पाहण्याजोगी आहे. त्यांनी घरापासून आरंभ केला नाही, पतपेढीपासून केला. १९०४ च्या कायद्यान्वये केवळ पतपुरवठ्याच्याच सहकारी संस्था काढता येत. त्या कायद्याच्या आधारे २७ डिसेंबर १९०६ रोजी तालमकींनी शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था स्थापन केली आणि तिला आपले मार्गदर्शक शामराव विठ्ठल कैकिणी यांचे नाव दिले. आजची एसव्हीसी बँक ती हीच. १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या सहकारी संस्थांना वाट मोकळी झाली, तोवर या समाजाला थोडी थोडी बचत एकत्र ठेवण्याची, कर्ज घेण्याची आणि वेळेवर फेडण्याची सहा वर्षांची सवय झालेली होती. घरे उभी राहिली ती या सवयीच्या पायावर. चुना-विटांची पाळी त्यानंतरची!

व्यवस्था इंग्लंडातील भाडेकरू-भागीदारीच्या धर्तीची होती. लंडनजवळ ईलिंग येथे १९०१ पासून तिचा प्रयोग चालू होता. जमीन व इमारत संस्थेच्या मालकीची. राहणारा एका परीने भाडेकरू आणि भाग घेतलेला असल्यामुळे दुसऱ्या परीने मालक. त्याच्या भाड्यातून कर्जाचे व्याज व हप्ते भागतात, दुरुस्ती होते आणि इमारत जीर्ण झाल्यावर उपयोगी पडावा म्हणून सिंकिंग फंडही साठतो. भाडे वाढवून नफा खाणारा घरमालक येथे कोणी नाही. तसेच, भाव चढला म्हणून बिऱ्हाड बाजारात विकून मोकळे होण्याची मुभाही सभासदाला नाही. या दुसऱ्या बंधनाकडे लोकांचे लक्ष कमी जाते. वस्तुतः घर अल्प उत्पन्नाच्या माणसाच्या आवाक्यात राहते ते त्यामुळेच.

चित्रापूर मठाचे अनुयायी आपल्या उत्पन्नाचा अंश दरसाल मठाला अर्पण करतात. त्याला ‘वंतिगा’ म्हणतात. वंतिगा श्रीचरणी वाहिली जाते, ती परत येत नाही. संस्थेचा भाग मात्र हिशेबाचा. त्यावर हक्क सांगता येतो आणि सभेत उभे राहून जाबही विचारता येतो. दोहोंची वृत्ती निराळी, पण ठरल्या वेळी ठरलेली रक्कम काढून ठेवण्याची शिस्त एकच. पहिल्या शिस्तीत वाढलेल्यांना दुसरी जड गेली नसावी. योगायोग असा की, त्याच १९१५ सालात श्रीमत् पांडुरंगाश्रम स्वामी ब्रह्मलीन होऊन श्रीमत् आनंदाश्रम स्वामी पीठावर आले.

या यशाला एक मर्यादा होती आणि ती झाकून ठेवणे योग्य नाही. संस्था एका ज्ञातीची होती, आणि त्या ज्ञातीतही तिचा लाभ ज्याला मासिक वेतन होते त्यालाच होणार होता. ज्ञातीपुरत्या संस्थेला कायद्याची आडकाठी नाही. अहमदाबादच्या झोरोॲस्ट्रियन गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये तसा निर्णय दिलेला आहे. परंतु कायद्याला जे चालते तेवढ्यावर मठाने समाधान मानावे काय? पांडेसऱ्यातल्या मागवाल्याचे आडनाव वेगळे, गाव वेगळे, कुलदैवतही वेगळे. त्याची मजुरी मीटरवर, म्हणून मंदीच्या महिन्यात हप्ता चुकणार हे ठरलेले.

त्याच्या स्थितीला गावदेवीपेक्षा सोलापूर जवळचे. तेही मागांचेच शहर. तेथे कुंभारी गावी विडी कामगार स्त्रियांनी संस्था काढली, स्वतःचा वाटा भरला, केंद्र व राज्य सरकारांचे अनुदान मिळवले, आणि २००६ मध्ये दहा हजार घरे त्यांच्या हाती आली. पुढे त्याच परिसरात रे नगर उभे राहिले. तेथील पंधरा हजार घरांचे लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झाले. यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरा वेचणारे अशा कष्टकऱ्यांची ती घरे. ज्ञातीचा प्रश्न तेथे उद्भवला नाही. श्रम हेच नाते पुरेसे ठरले.

सरकारी साहाय्य असूनही गरीब अडतो तो आरंभीच. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत भागीदारीतून बांधलेल्या घरामागे केंद्राचे दीड लाख रुपये ठरले होते. परंतु लाभार्थ्याचा वाटा ज्याचा त्यानेच भरायचा. तो भरण्यासाठी सावकाराकडे जावे लागले की घर मिळण्याआधीच त्यावर ओझे चढते. शिवाय उत्पन्नाचा दाखला, वास्तव्याचा पुरावा. पाळीने झोपणाऱ्याकडे भाडेपावती असणार कोठून?

भक्तमंडळींचा निधी या दोन अडचणींसाठी असावा. पहिला वाटा बिनव्याजी द्यावा, मंदीच्या महिन्यांत हप्त्याला सवलत असावी, आणि रक्कम परत येताच ती पुढच्या कुटुंबाकडे जावी. कागदपत्रे जमवून देण्याचे काम मंडळींतील निवृत्त कारकुनांनी अंगावर घ्यावे. त्याला पैसा लागत नाही, चिकाटी मात्र लागते. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर व्हावे. आणि निधीचा हिशेब दरवर्षी याच दिवशी मठाच्या सभामंडपात वाचला जावा. ज्यांनी दिले ते आणि ज्यांनी घेतले ते, दोघेही तेव्हा एकाच बैठकीवर बसलेले असावेत.