अनाथ कोण करतो?

'अनाथ' हा शब्द कानीं पडतांच आपल्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. दुष्काळानें, पटकीनें किंवा प्लेगनें आईबाप ओढून नेलेलें, जगांत कोणी उरलें नाहीं असें एक पोरकें मूल! दैवानें घातलेला घाला म्हणून आपण त्याच्याकडे पाहतों, हळहळतों आणि यथाशक्ति चार पैसे देऊन मोकळे होतों. अशीं मुलें असतात, यांत संशय नाहीं. २०२०-२१ च्या कोविड महामारीनें तीं पुन्हां आपल्या दारापुढें आणून उभीं केलीं. परंतु एखाद्या बालकाश्रमाच्या व्यवस्थापकांस विचारावें. ते सांगतील कीं, आश्रमांतील पुष्कळ मुलांची आई अथवा बाप जिवंत असतो. मृत्यूनें त्यांना अनाथ केलेलें नसतें. तें काम कोठें दारिद्र्यानें केलेलें असतें, कोठें व्यसनानें, कोठें रोगानें, आणि फार वेळां लोकांच्या जिभेनें. म्हणून 'अनाथाला आधार कोणी द्यावा' या प्रश्नाच्या आधीं 'अनाथ कोण करतो' हा प्रश्न विचारला पाहिजे. महाराष्ट्रांत या क्षेत्रांत ज्यांनीं टिकाऊ काम केलें, त्यांनीं हाच प्रश्न प्रथम विचारला होता, असें त्यांच्या इतिहासावरून दिसून येतें.

हा इतिहास सांगावयाचा तर १८६३ सालच्या पुण्यापासून सांगावा लागतो. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालींच झाला होता. पण कायदा पुस्तकांत राहिला आणि केशवपन घरांत राहिलें. आठव्या-दहाव्या वर्षीं कपाळ पांढरें झालेली मुलगी सासरच्या स्वयंपाकघरांत किंवा परक्याच्या घरीं चुलीपुढें जन्म काढी. तिचें पाऊल घसरलें, अथवा कोणा आप्तानें वा प्रतिष्ठितानें तें घसरविलें, तर पुरुषाचें नांव कोठेंच येत नसे. शिक्षा तिला व तिच्या पोटांतल्या जीवाला होई. काशीबाई नांवाची अशीच एक तरुण ब्राह्मण विधवा जोतीराव फुले यांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरीं स्वयंपाकास होती. एका शास्त्र्यानें तिला फसविलें. दिवस राहिल्यावर गर्भपाताचे उपाय झाले, ते व्यर्थ गेले. आणि मूल जन्मास येतांच लोकलज्जेनें भ्रमिष्ट झालेल्या त्या आईनें आपल्या हातांनीं त्याचा जीव घेऊन तें विहिरींत टाकलें. पुण्याच्या न्यायालयांत खटला चालला आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

शहरानें ही हकीकत ऐकली आणि सोडून दिली. जोतीराव व सावित्रीबाई यांनीं ती सोडून दिली नाहीं. त्यांनीं आपल्या राहत्या घराच्या आवारांतच बालहत्या-प्रतिबंधक गृह उघडलें. विधवांनीं येथें गुप्तपणें व निर्धास्तपणें येऊन बाळंत व्हावें, मूल बरोबर न्यावें कीं येथें ठेवावें हें त्यांच्या इच्छेवर राहील, अशा आशयाच्या जाहिराती त्यांनीं लावल्या. ज्या काळीं विधवेच्या सावलीचाहि विटाळ मानला जाई, त्या काळीं एका माळ्याच्या घरांत ब्राह्मण विधवांच्या बाळंतपणाची सोय झाली! त्या आयांची व अर्भकांची सेवाशुश्रूषा सावित्रीबाईंनीं आपल्याकडे घेतली. स्वतःला मूलबाळ नसलेल्या या बाईच्या ओसरीवर परक्यांचीं मुलें वाढूं लागलीं.

या गृहाचा हिशेब जोतीरावांनीं १८८४ सालीं स्वतः लिहून ठेवला आहे, आणि तो प्रत्येक दात्यानें मनाशीं धरून ठेवावा असा आहे. तोंपर्यंत पस्तीस गर्भवती विधवा तेथें येऊन बाळंत झाल्या होत्या. त्या पस्तीस मुलांपैकीं जगलीं होतीं पांच. उरलेलीं तीस दगावलीं होतीं. त्याचें कारणहि त्यांनींच नमूद केलें आहे : आपली अवस्था लपविण्यासाठीं आयांनीं जीं विषारी औषधें पोटांत घेतलीं असावींत, त्यांनीं गर्भांतच मुलांना इजा झाली होती. दार उघडें होतें, आंत माया होती, दूध होतें, पण ती आई त्या दारापर्यंत येण्याआधीं भीति तिच्याजवळ येऊन आपलें काम करून गेलेली असे. लोक काय म्हणतील, या तीन शब्दांनीं तीस मुलांचा बळी घेतला. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मुलाला वांचवावयाचें तर आधीं आईची भीति घालविली पाहिजे. आईला वगळून केलेलें बालरक्षण हें बहुधा उशिरां पोहोंचलेलें बालरक्षण असतें.

याच गृहांत जन्मलेला एका विधवेचा मुलगा १८७४ मध्यें फुले दांपत्यानें आपलासा केला. त्याचें नांव यशवंत. तो शिकून डॉक्टर झाला. १८९७ सालीं पुण्यास प्लेगनें थैमान घातलें, तेव्हां सावित्रीबाईंनीं त्याच्या मदतीनें रोग्यांची शुश्रूषा आरंभिली आणि त्याच सेवेंत प्लेगची बाधा होऊन १० मार्च १८९७ रोजीं त्यांनीं देह ठेवला. समाज ज्या मुलाला जन्मूंच देणार नव्हता, तोच मुलगा समाजाच्या मरणकाळीं औषधाची पेटी घेऊन उभा राहिला. परोपकाराची याहून मोठी परतफेड ती कोणती?

परंतु एका घराची करुणा त्या घराच्या माणसांबरोबर संपते. ती टिकावी म्हणून संस्था लागते. हें काम पंढरपुरास झालें. तेथील न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकारानें १८७५ सालीं तेथें बालहत्या-प्रतिबंधक गृह स्थापन झालें आणि मुंबईच्या प्रार्थनासमाजानें त्याचा भार उचलला. पंढरपूरच कां, असा प्रश्न कोणी करील. ज्या क्षेत्रीं आषाढी-कार्तिकीला लाखों माणसें लोटतात, तेथें एका बाईकडे कोण पाहतो? यात्रेच्या मिषानें घर सोडतां येतें, गर्दींत तोंड लपवितां येतें, आणि चंद्रभागेचें पाणी साक्ष देत नाहीं. गृहाची गरज जेथें सर्वांत अधिक, तेथेंच तें उघडलें गेलें. लगोलग १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ आला आणि आईबाप नाहींसे झालेल्या मुलांचीहि तेथें भर पडली. तेव्हांपासून कित्येक पिढ्यांचीं मुलें त्या छपराखालीं वाढलीं, आणि वासुदेव बाबाजी नवरंगे यांच्या नांवानें ओळखला जाणारा तो बालकाश्रम पंढरपुरास प्रसिद्ध आहे. संस्थापकांमागून संस्था चालते ती सहानुभूतीच्या एका उमाळ्यावर नव्हे. वर्षानुवर्षें येणाऱ्या लहान लहान वर्गण्यांवर, नीट ठेवलेल्या हिशेबावर आणि रात्रीं रडणाऱ्या मुलापाशीं उठून जाणाऱ्या नोकरमाणसांवर चालते.

आईची भीति घालविणें ही पहिली पायरी झाली. तिला स्वतःच्या पायांवर उभें करणें ही दुसरी. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन काढलें आणि पुढें तें पुण्यास नेलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं मध्यप्रांतांतून निराधार स्त्रिया व मुली आणून त्यांना आश्रय दिला व केडगांवची वसाहत वाढविली. धर्मांतराच्या प्रश्नावरून त्यांच्याविषयीं कडाक्याचा वाद झाला. पण उपासमारीनें मरणाऱ्या मुली कोणी उचलल्या, याविषयीं वाद नव्हता. शारदा सदनांत शिकलेल्या गोदूबाई या बालविधवेशीं धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ मध्यें विवाह केला, १८९६ मध्यें अनाथ बालिकाश्रमाची मंडळी उभी केली आणि १९०० सालीं हिंगण्याच्या माळावर एका झोंपडीनें आश्रमाचा संसार मांडला. दिवसा महाविद्यालयांत गणित शिकवावें आणि सायंकाळीं चिखल तुडवीत हिंगण्यास पायीं जावें, हा अण्णांचा त्या काळचा नित्यक्रम होता. त्यांच्या आश्रमांतून शिक्षिका व परिचारिका बाहेर पडल्या. जी बाई महिन्याचे चार पैसे स्वतः मिळविते, तिचें मूल सहसा कोणाच्या पायरीवर सांपडत नाहीं. अनाथालयांत एक खाट वाढविण्याइतकेंच, किंबहुना अधिकच, मोल ती खाट रिकामी ठेवणाऱ्या या कामाला आहे.

तिसरी पायरी मुलाच्या स्वाभिमानाची. आपल्याकडे वार लावून जेवण्याची आणि माधुकरीची चाल जुनी. तिनें असंख्य गरीब मुलांना विद्या दिली, हें नाकारतां येणार नाहीं. परंतु आज सोमवार कोणाच्या घरचा आणि उद्यां मंगळवार कोणाच्या घरचा, हें मोजीत वाढणाऱ्या मुलाच्या मनावर जो ओरखडा उठे, तो त्याच्या गुणपत्रिकेंत दिसत नसे. १९०९ सालीं पुण्यास निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहानें अशा मुलांना एक घर दिलें. पुढें या संस्थेनें आपलें नांवहि बदलून 'पुणे विद्यार्थी गृह' असें केलें. अन्न दिलें तरी 'अनाथ' ही पाटी गळ्यांत राहूं नये, हें कळणें ही मोठी गोष्ट आहे. कर्मवीर भाऊराव पाटील तर याहून पुढें गेले. १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढून १९२४ मध्यें त्यांनीं साताऱ्यास वसतिगृह सुरू केलें. सर्व जातींचीं मुलें एका चुलीवर शिजलेलें अन्न एका पंक्तीला बसून खात आणि कामें करून शिकत. कमवा आणि शिका! वसतिगृहांत दाणा उरला नाहीं, तेव्हां भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रसुद्धां, मोडून मुलांना जेवूं घातलें. देणारी अशी आणि घेणारा कुदळ हातीं घेऊन उभा. तेथें उपकाराचें ओझें कोणाच्या शिरीं बसत नाहीं.

या थोरांनीं जें अंतःकरणानें ओळखलें, तें कायद्यानें ओळखण्यास पुष्कळ काळ लागला. मुंबई इलाख्यांत मुलांसाठीं पहिला स्वतंत्र कायदा १९२४ सालीं झाला. मुलगी दत्तक घेण्याची सर्वसाधारण मोकळीक हिंदु कायद्यानें १९५६ मध्यें दिली. २०१५ च्या बालन्याय अधिनियमानें, मूल सांभाळणें अशक्य झालेल्या आईला तें बालकल्याण समितीच्या स्वाधीन करण्याचा मार्ग ठेवला आणि तिला फेरविचारासाठीं दोन महिन्यांची मुदत दिली. निरुपायानें मूल सोडणाऱ्या आईला गुन्हेगार समजूं नये, असेंहि त्यांत सांगितलें. त्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें अविवाहित मातेला पित्याचें नांव उघड न करतां आपल्या मुलाची पालक होण्याचा हक्क मान्य केला. १८६३ सालीं काशीबाईला जें दार मिळालें नाहीं, तें उघडण्यास देशाच्या कायद्याला दीडशें वर्षें लागलीं.

आश्रमापेक्षां कुटुंब बरें, हेंहि आतां सर्वमान्य झालें आहे. महाराष्ट्र सरकारच्या बालसंगोपन योजनेंतून, निराधार मुलाला आप्ताच्या किंवा एकट्या आईच्या घरींच ठेवून दरमहा साहाय्य दिलें जातें; २०२३ मध्यें तें ११०० रुपयांवरून २२५० रुपयें करण्यांत आलें. संकटांतील मुलासाठीं १०९८ या क्रमांकाची दूरध्वनि-सेवा १९९६ मध्यें मुंबईंत सुरू होऊन पुढें देशभर पसरली. साधनें आहेत. तीं गरजूंपर्यंत पोहोंचविणारीं माणसें कमी आहेत.

तेव्हां सुशिक्षित गृहस्थानें व गृहिणीनें काय करावें? मुलाच्या वाढदिवशीं आश्रमांत लाडू वांटून त्याचें छायाचित्र काढणें, यांत वाईट कांहीं नाहीं. पण उद्यां त्या मुलांना दूध लागतें आणि परवां औषध. वर्षांतून एकदां दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षां महिन्याच्या महिन्याला न चुकतां पोंचणारी लहान रक्कम संस्थेला अधिक उपयोगी पडते. देण्यापूर्वीं संस्थेची नोंदणी पाहावी, हिशेब मागावा. हिशेब मागणें हा अविश्वास नव्हे, तो मुलांचा हक्क आहे. कोणीं परस्पर मूल आणून देतों म्हटलें, तर कितीहि कळवळा आला तरी त्या वाटेस जाऊं नये. दत्तकाचा रस्ता कायद्याचाच असावा. दर वेळीं छायाचित्रासाठीं मुलांना ओळीनें उभें करूं नये. पाहुण्यांच्या टाळ्या त्यांच्या कानांत फार दिवस राहत नाहींत; 'हीं अनाथ मुलें' हे शब्द मात्र राहतात.

आणि सर्वांत जवळचें काम तर आश्रमापर्यंत जाण्याचेंहि नाहीं. आपल्या घरीं धुणेंभांडीं करणारी बाई अचानक विधवा झाली, तर तिच्या मुलीची शाळा सुटूं नये म्हणून तिला योजनेचा अर्ज लिहून देणें, हें बालरक्षणच आहे. आपल्या चाळींत, आपल्या आप्तांत एखादी मुलगी संकटांत सांपडली, तर तिच्याविषयींची कुजबूज आपल्या उंबऱ्याशीं थांबविणें, हें तर फार मोठें बालरक्षण आहे. त्याला वर्गणी लागत नाहीं, पावती मिळत नाहीं, भिंतीवर नांवहि कोरलें जात नाहीं.

पस्तिसांतलीं पांच मुलें जोतीरावांच्या व सावित्रीबाईंच्या दयेनें वांचलीं. उरलेल्या तिसांना दयेची वाण नव्हती. त्यांच्या आयांना ती मागण्याचें धैर्य होऊं नये, अशी व्यवस्था शहरांतल्या सभ्य घरांनीं केली होती. आश्रम उघडणें सर्वांना शक्य नसतें. भीतीनें पळणाऱ्या आईला आपल्या घराचें दार बंद दिसूं नये, एवढें मात्र प्रत्येक घराला करतां येण्यासारखें आहे.