भार सारखा वाटणारा शेजारी

(दिवंगत इंजिनिअरकाकांच्या स्मरणार्थ बार्शी येथे ट्रस्टच्या सभागृहात झालेल्या सभेतील भाषण)



आज आपण ज्यांच्या पुण्यस्मरणासाठी एकत्र आलो आहोत, ते आपल्या समाजाचे नव्हते आणि या ट्रस्टचे सभासदही नव्हते. तरीही गेली तीस वर्षे आपल्या गल्लीतील एकही मंगलकार्य आणि एकही अंत्ययात्रा त्यांच्यावाचून पार पडली नाही. आपण लहानथोर सारे त्यांना इंजिनिअरकाका म्हणत आलो. नाव छापून येऊ नये ही त्यांचीच इच्छा होती, असे काकूंनी सांगितले. त्या इच्छेचा मान राखून मीही त्यांना त्याच नावाने संबोधणार आहे.

काका १९५४ साली रेल्वेच्या नोकरीत लागले. आपली बार्शी लाईट रेल्वे खासगी कंपनीकडून सरकारच्या ताब्यात आली ते हेच वर्ष. रूळ, स्लीपर आणि खडी यांची देखभाल हे त्यांचे काम. पुढे असिस्टंट इंजिनिअर होऊन १९९० साली, वयाच्या ५८ व्या वर्षी, ते निवृत्त झाले व आमच्या समोरच्या घरात राहावयास आले. आयुष्यभर रुळांवरून खाली पाहत चालण्याची सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. सकाळी फिरावयास निघाले की वाटेतील खिळा, काच, तार उचलून बाजूस टाकीत. पाहून पाऊल टाकावे, यास आपल्याकडे ईर्यासमिती म्हणतात. काकांनी तो शब्द ऐकला होता की नाही, कोण जाणे. आचरण मात्र रोज पाहावयास मिळे. स्वभावाने ते तसे कडकच होते. दहा मिनिटे उशीर करणाऱ्यास, मग तो वयाने कितीही मोठा असो, चारचौघांत बोलून दाखवीत.

त्यांच्या शेजारधर्माचे मर्म समजण्यासाठी आपल्या जुन्या रेल्वेची एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. ही कथा त्यांच्याच तोंडून मी अनेकदा ऐकली. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फूट रुंदीची रेल्वे सुरू झाली. तिचे शिल्पकार एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचे इंग्रज इंजिनिअर. रूळ हलका, खर्च बेताचा आणि वाहावयाचा माल तर पुष्कळ, अशी अडचण होती. त्यांनी नियम असा केला की, इंजिन असो वा वाघीण, एका आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये. ओझे अधिक असेल तर आस वाढवावेत, एकाच आसावर ते लादू नये. काका म्हणत, “शेठ, रूळ एकूण वजनाने मोडत नाही, ते एका जागी आले म्हणजे मोडतो.”

या वाक्याचा अर्थ मला १९९४ साली कळला. त्या वर्षी माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. घरात वृद्ध आई, दोन लहान मुले आणि दुकान पाहणारा मी एकटा. रात्रंदिवस वडिलांना कुशीवर वळवणे, पाणी पाजणे, अंथरूण बदलणे हा सारा भार माझ्या पत्नीवर आला. आम्ही कोणाकडे काही मागितले नव्हते. परंतु आमच्या खिडकीतील दिवा रात्री दोन वाजता रोज जळताना काकांनी पाहिला होता. एके दिवशी सकाळी ते आखीव कागद घेऊन आले. त्यावर गल्लीतील नऊ घरे आणि रात्रीच्या पाळ्या लिहिलेल्या होत्या: १० ते १, १ ते ४ आणि ४ ते ६. कोणाच्या घरी बाळंतपण आहे, कोणास मधुमेह आहे, कोणाची मुले दहावीस आहेत, हे सर्व पाहून त्यांनी वाटणी केली होती. ज्या घरात कर्ती माणसे चार, त्या घरास पाळ्या अधिक. जेथे एकटी विधवा, तेथे केवळ सकाळचा चहा आणून देण्याचे काम. आपल्या घरांत सूर्यास्तापूर्वी भोजन होते हे ध्यानी घेऊन, संध्याकाळी औषधे आणण्याचे काम त्यांनी इतर घरांकडे दिले होते. पहाटेची ४ ते ६ ही वेळ कोणालाच नकोशी असते. त्या रकान्यात सर्व दिवस एकच नाव होते, ते त्यांचे स्वतःचे.

पहिल्या रात्री माझी पत्नी सहा तास सलग झोपली. चाळीस दिवसांनंतरची ती पहिली झोप होती. वडील त्यानंतर चौदा महिने जगले. तितके महिने तो कागद चालला. एका सधन गृहस्थांनी स्वतःच्या खर्चाने पगारी माणूस ठेवण्याची तयारी दर्शविली, तेव्हा काका त्यांना म्हणाले, “माणूस अवश्य ठेवा, पण दिवसा. तुमची रात्रीची पाळी मात्र तुम्हीच करा.” पुढे ते गृहस्थ वडिलांपाशी बसून स्तवन म्हणू लागले. वडिलांना बोलता येत नव्हते, परंतु ते आले की त्यांचा चेहरा उजळत असे.

२०१३ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्याची जी दशा झाली, ती आपणा सर्वांस आठवते. गल्लीत पाणी राहिलेली कूपनलिका एकट्या काकांच्या अंगणात होती. त्यांनी पाणी घरटी न देता माणशी दिले. घागरी मोजून फळ्यावर खडूने नोंद केली आणि त्या नोंदीत स्वतःच्या घरासही सवलत दिली नाही. ज्यांना घागर उचलवत नव्हती त्यांच्या घागरी पोहोचविण्याचे काम मुलांवर सोपविले. पाण्यावरून इतरत्र भांडणे होत असताना आपल्या गल्लीत आवाज चढला नाही, याचे श्रेय त्या फळ्यास आहे.

२००८ साली कुर्डुवाडीपासूनचा आपला मार्ग रुंद झाला आणि छोटी गाडी इतिहासजमा झाली. आपल्यापैकी अनेकांना हळहळ वाटली. माझ्या दुकानाच्या कापडाच्या गाठी पूर्वी कुर्डुवाडीस एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढवाव्या लागत, तरी मलाही वाईट वाटले. काकांची हयात त्या रुळावर गेलेली, पण ते म्हणाले, “रेल्वे लोकांसाठी असते, आपल्या आठवणींसाठी नव्हे.” एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरसाठी मिरजेहून याच मार्गाने पाण्याची गाडी धावली. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी गेले; पुढे पन्नास वाघिणींची गाडी जाऊ लागली. ८४ वर्षांचे काका नातवाचा हात धरून ती पाहण्यासाठी स्टेशनवर गेले. परत आल्यावर मी विचारले, “कशी वाटली?” ते म्हणाले, “आस मोजले. बरोबर आहेत.” एवढे बोलून त्यांनी डोळे पुसले.

बंधू-भगिनींनो, गुणगौरव करून घरी जाणे सोपे आहे. काकांना ते रुचले नसते. वयाच्या ९१ व्या वर्षी ते गेले. मागे ८६ वर्षांच्या काकू आहेत. मुले परगावी असून न्यावयास तयार आहेत, पण हे घर सोडण्यास काकूंचे मन होत नाही. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या खुब्याचे हाड मोडले, त्यामुळे रात्री उठताना आधार लागतो. आजवर तो आधार काका देत होते. १९९४ साली गल्लीत नऊ घरे होती. आज सहा उरली आहेत आणि त्यांपैकी दोन घरांत केवळ वृद्ध आहेत. म्हणजे भार तोच राहिला आणि आस कमी झाले. म्हणून माझी विनंती केवळ गल्लीस नसून, या सभागृहातील प्रत्येक कुटुंबातील भगिनींना आहे.

माझ्या पत्नीने नवा कागद आखून बाहेरच्या फलकावर लावला आहे. रात्री १० ते १ आणि १ ते ४ या पाळ्यांसाठी काही नावे आली आहेत. ४ ते ६ हा रकाना अद्याप रिकामा आहे. जाताना कृपया तो पाहून जावे.

दिवंगत आत्म्यास चिरशांती लाभो, ही प्रार्थना करून मी माझे दोन शब्द संपवितो. जय जिनेंद्र.