सभेला येता आले तरच मत



जिल्ह्यातील गृहनिर्माण संस्थांच्या या अधिवेशनाच्या अध्यक्षपदासाठी आपण एका वास्तुविशारदाची निवड केलीत, याबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे. इमारतींची दुरुस्ती आणि पुनर्विकास हे माझे काम. त्या निमित्ताने सोसायट्यांच्या सभांना मला बोलावले जाते, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून मी त्या सभा ऐकत आले आहे. सभेत कोण काय बोलतो हे इतिवृत्तात येते. सभेला कोण येऊ शकले नाही, हे कुठेच लिहिले जात नाही. आज मला प्रामुख्याने त्यांच्याविषयी बोलायचे आहे.

महाराष्ट्रातल्या सहकाराची गोष्ट सांगताना आपण साखर कारखान्यांपासून सुरुवात करतो. घरांचा सहकार त्याहून बराच जुना आहे. प्रवरानगरचा कारखाना सुरू झाला 1950 च्या अखेरीस. मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी नोंदली गेली 1915 साली. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. पगारावर जगणाऱ्या माणसाला एकट्याने घर बांधणे झेपत नाही, पण दहा-वीस कुटुंबे एकत्र आली तर झेपते, हा साधा विचार त्यामागे होता. आणि त्याच्याबरोबर आणखी एक विचार आला, जो मला अधिक मोलाचा वाटतो: घर लहान असो वा मोठे, प्रत्येक सभासदाला मत एकच.

1960 च्या आपल्या सहकारी संस्था कायद्यात कलम 27 ने हे तत्त्व पक्के केले. त्याच कलमात असेही आहे की मत सभासदाने स्वतः हजर राहून द्यायचे. दुसऱ्याच्या हाती अधिकारपत्र देऊन चालणार नाही. हा नियम चांगल्या हेतूने आला आहे. नाहीतर एखादा धूर्त अध्यक्ष घरोघर फिरून पंचवीस सह्या गोळा करील आणि सभा खिशात घालील. सहयोगी सभासदाला मूळ सभासदाच्या गैरहजेरीत मत देता येते, पण त्यासाठी त्याचे नाव आधी नोंदलेले हवे. ज्या विधवा बाईच्या एकटीच्या नावावर घर आहे आणि मुलगा परदेशात आहे, तिला हा मार्ग नाही. तिला सभेला यावे लागते.

आणि सभा कुठे असते? बहुतेक जुन्या इमारतींत गच्चीवर. चार मजल्यांची इमारत, लिफ्ट नाही, आणि लिफ्ट असली तरी ती गच्चीपर्यंत जात नाही. शेवटचा जिना चढावाच लागतो. गणसंख्येसाठी उपविधींनी मर्यादा घातली आहे: एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश किंवा वीस, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. तेवढे जमले नाहीत तर सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग जितके हजर असतील तितक्यांवर चालते. म्हणजे शंभर घरांच्या सोसायटीचा निर्णय बारा-पंधरा धडधाकट माणसे घेऊ शकतात, आणि तो कायद्याने वैध असतो. पायऱ्या ज्यांना चढता येतात, तेच ठरवतात की इमारतीला रॅम्प हवा की नको. मित्रहो, सोसायटीतल्या अपंग आणि वृद्ध सभासदांची अडचण आपण बांधकामाची अडचण समजतो. माझ्या मते ती आधी कारभाराची अडचण आहे. त्यांचे मत सभेत पोचत नाही, म्हणून रॅम्प होत नाही.

एक उदाहरण जरा जवळून सांगते. पुण्यातली ऐंशीच्या दशकातली एक चार मजली इमारत. सभासदांनी वर्गणी काढून लिफ्ट बसवली. कौतुकाची गोष्ट होती. जागा नव्हती म्हणून लिफ्टचा शाफ्ट जिन्याच्या बाहेरच्या भिंतीला लागून उभा राहिला, आणि लिफ्टचे दार उघडू लागले ते दोन मजल्यांच्या मधल्या लँडिंगवर. आपल्यापैकी अनेकांच्या इमारतीत हेच आहे, हे मला ठाऊक आहे. लिफ्टमधून बाहेर पडले की घरापर्यंत नऊ पायऱ्या वर किंवा नऊ पायऱ्या खाली. तिसऱ्या मजल्यावर पक्षाघातातून सावरलेले एक निवृत्त शिक्षक राहतात. लिफ्टसाठी त्यांनी इतरांइतकेच पैसे भरले. लिफ्टच्या दुरुस्तीचा आणि चालवण्याचा खर्चही दर महिन्याच्या बिलात त्यांच्या नावे येतो. त्या लिफ्टपर्यंत त्यांना दोघांनी हाताला धरून न्यावे लागते. लिफ्टचा ठराव झाला त्या सभेचे इतिवृत्त मी वाचले आहे. लिफ्टच्या कंपनीची चर्चा त्यात दीड पान आहे. दार कुठे उघडणार, यावर एक ओळही नाही. हे शिक्षक त्या सभेला आले असते तर त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला असता.

रॅम्पचेही तसेच. जमिनीपासून आपला प्लिंथ साधारण दीड फूट, म्हणजे 45 सेंटीमीटर उंच असतो, तीन पायऱ्या. मानकांप्रमाणे रॅम्पचा उतार बारास एक हवा. म्हणजे 45 सेंटीमीटर चढायला 5.4 मीटर, जवळजवळ अठरा फूट लांबी लागते. शिवाय वर-खाली व्हीलचेअर वळवायला सपाट जागा, आणि दोन्ही बाजूंना कठडे. आपल्याकडे पाच-सहा फुटांत गुळगुळीत टाइल लावून एक घसरण करतात आणि तिला रॅम्प म्हणतात. ती स्कूटर चढवायला उपयोगी पडते. तिच्यावरून व्हीलचेअर एकट्याने चढवता येत नाही, आणि उतरवताना मागून धरणाऱ्या माणसाचा तोल जातो. बरे, तीही मोकळी असेल तर. बहुतेक रॅम्पच्या पायथ्याशी कोणाची तरी मोटारसायकल उभी असते आणि ती हलवायला सांगणे वॉचमनच्या हातात नसते. अठरा फूट सरळ जागा नसेल तर रॅम्प मध्ये वळवता येतो. तेही जमत नसेल तर एका माणसापुरता उचलणारा प्लॅटफॉर्म बसतो, किंवा स्टिल्टच्या, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या पार्किंगच्या, पातळीवरून लिफ्टला एक थांबा देता येतो. जागा नाही, हे उत्तर मी पुष्कळदा ऐकले आहे. प्रत्यक्ष मोजमाप घेतल्यावर ते अनेकदा टिकले नाही.

खर्चाचा मुद्दा अधिक गंभीर आहे आणि तो मी टाळणार नाही. सभेत कोणीतरी हमखास म्हणते, ही एका कुटुंबाची गरज आहे, खर्च त्यांनी करावा. यावर आपल्याच उपविधींकडे बघा. लिफ्टच्या देखभालीचा आणि चालवण्याचा खर्च इमारतीतल्या सर्व सभासदांनी सारखा सोसायचा, कोणी लिफ्ट वापरो वा न वापरो, असे आदर्श उपविधी सांगतात. तळमजल्यावरचा सभासद कुरकुर करतो, पण भरतो. आणि भरतो म्हणूनच चौथ्या मजल्यावरच्या घराला किंमत आहे. तळमजल्याने चौथ्या मजल्यासाठी द्यायचे, हे आपण कित्येक दशके मान्य केले आहे. तर मग चौथ्या मजल्याने तळमजल्यावरच्या व्हीलचेअरसाठी द्यायला हरकत कशी घ्यायची? रॅम्प सामाईक जागेत असतो, तो सामाईक मालमत्ता असतो. बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाऊण टक्का दराने दुरुस्ती निधी आणि पाव टक्का दराने सिंकिंग फंड आपण जमवतो. इमारतीच्या रंगकामाला जितका पैसा जातो, त्याच्या लहानशा भागात नीट रॅम्प आणि कठडे होतात. आणि कुटुंब स्वतःच्या पैशाने करायला तयार असते, तेव्हाही कित्येक कमिट्या एनओसीसाठी वर्ष-वर्ष झुलवतात. कारण सांगतात, दर्शनी भागाची शोभा जाईल. हे सहकाराला शोभणारे नाही.

कायदा काय म्हणतो, तेही स्पष्ट सांगायला हवे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्याच्या कलम 44 प्रमाणे सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्याला परवानगी द्यायची नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही द्यायचा नाही. जुन्या इमारतींसाठी कलम 45 मध्ये पाच वर्षांची मुदत होती, ती सार्वजनिक इमारतींसाठी. दृष्टिहीन याचिकाकर्ते राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी सांगितले की सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीच्या स्वरूपात ठेवणे कायद्याशी विसंगत आहे. किमान निकष सक्तीचे करा. दिशा स्पष्ट आहे. तरीही आपल्या तीस-चाळीस वर्षे जुन्या सोसायटीच्या फाटकावर येऊन उद्या कोणी अधिकारी रॅम्प मागेल, असे मला वाटत नाही. जुन्या इमारतींचे काम आपल्या सर्वसाधारण सभेलाच करायचे आहे.

अपंग आणि वृद्ध सभासद थोडे आहेत, असाही एक समज असतो. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाखांहून अधिक अपंग व्यक्तींची नोंद झाली, आणि ती मोजणी अपंगत्वाच्या आठ प्रकारांची होती. 2016 च्या कायद्याने 21 प्रकार मानले आहेत. शिवाय गुडघे गेलेले, दृष्टी मंदावलेले, विस्मरणाने रस्ता चुकणारे आपले आईवडील या यादीत बहुतेकदा मोजलेलेच नसतात. ते तुमच्या-माझ्या घरात आहेत.

कारभाराच्या काही सवयी पैशावाचूनही बदलता येतात. सभेची नोटीस टाइप करून, छापून, सही-शिक्का मारून तिचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला जातो. दृष्टिहीन सभासदाचा फोन मजकूर वाचून दाखवतो. असा फोटो बहुधा त्याच्यासाठी मुकाच राहतो. तोच मजकूर खाली टाइप करून टाकायला सचिवाला पाच मिनिटे लागतात. ज्याला कमी ऐकू येते, त्याला सभेत सगळे एकदम बोलू लागले की काहीच कळत नाही. अध्यक्षांनी एकेकाला बोलू दिले आणि ठराव मतदानापूर्वी लिहून दाखवला, तर इतरांचीही सोय होते. कोरोनाच्या काळात सर्वसाधारण सभा दृक्‌श्राव्य माध्यमातून घेण्याची मुभा मिळाली, तेव्हा कधीच न दिसणारे सभासद पडद्यावर दिसले आणि बोलले. परिस्थिती निवळताच बहुतेक सोसायट्या पुन्हा गच्चीवर गेल्या. हे मला फार लागले.

जाता जाता एक सांगते. घरकाम करणाऱ्या बायकांनी आणि सामान पोचवणाऱ्या मुलांनी ही लिफ्ट वापरू नये, अशा पाट्या लिफ्टपाशी अजूनही दिसतात. गुडघेदुखी त्यांनाही असते. त्या पाट्या काढून टाका.

सर्वांत मोठी संधी पुनर्विकासात आहे, आणि ती आपण डोळ्यांदेखत घालवतो आहोत. सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79 अ खालच्या 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयाप्रमाणे प्रक्रिया चालते. विशेष सभेची गणसंख्या दोन-तृतीयांश, संमती 51 टक्क्यांची. या सभांमध्ये जादा कार्पेट क्षेत्र, कॉर्पस निधी, भाडे आणि बँक गॅरंटी यांवर रात्री उशिरापर्यंत भांडणे होतात, आणि ती व्हायलाच हवीत. पण बाथरूमचे दार किती रुंद, हा प्रश्न मी क्वचितच ऐकला आहे. व्हीलचेअर साधारण 65 सेंटीमीटर रुंद असते. आपल्याकडे बाथरूमचे दार 75 सेंटीमीटरचे धरले, तरी चौकट आणि कोपऱ्यातले वळण जाता खुर्ची आत जात नाही. दार 90 सेंटीमीटरचे, बाहेर उघडणारे, उंबरठा नाही, भिंतीत आधाराचा दांडा बसवण्याची मजबुती: आराखड्यावर हे करायला जवळजवळ खर्च नाही. वीस वर्षांनी फोडून करायला मात्र घर सोडून राहावे लागते. महारेराने 2024 मध्ये ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांकरिता मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि रुंद दारे, रॅम्प, आधाराचे कठडे मागितले. चांगले झाले. पण आपल्यातले बहुतेक जण वेगळ्या वृद्धनिवासात जाणार नाहीत. आहोत त्याच घरात म्हातारे होणार आहोत. म्हणून या अटी प्रत्येक सोसायटीच्या निविदेत आणि विकास करारनाम्यात लिहिल्या गेल्या पाहिजेत. विकासक तोंडी हो म्हणतो. लिहिलेले नसेल तर सांगायचे कोणाला?

वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते आणि नोटीस चौदा दिवस आधी द्यायची असते. या वर्षीची सभा तळमजल्यावर, स्टिल्टमध्ये किंवा जवळच्या शाळेच्या तळमजल्यावरच्या वर्गात घ्या. नोटीस काढण्यापूर्वी सचिवांनी त्या प्रत्येक दारी जावे जिथून गेल्या काही सभांना कोणी आलेले नाही, आणि का आले नाही ते विचारावे. विषयपत्रिकेवर सुगम्यता हा स्वतंत्र विषय ठेवा. आयत्या वेळच्या विषयांत तो ढकलू नका. नोटिशीचा आणि ठरावाचा एक मसुदा मी तयार करून आणला आहे. तो दारापाशी नोंदणीच्या टेबलावर ठेवला आहे. प्रत्येक संस्थेने जाताना एक प्रत घेऊन जावी, आणि यंदाच्याच सभेत मांडावी, अशी माझी आपणा सर्वांना हात जोडून विनंती आहे.