कॅनबेराचे रिव्हेट
(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘माझा छंद’. सकाळपासून भजन झालं, गडकिल्ले झाले, एकानं शेततळ्यात मासे सोडल्याचंही ऐकलं. माझा छंद त्या मानानं पोरकट आहे. मी प्लास्टिकची छोटी लढाऊ विमानं जोडतो आणि रंगवतो. नातवाच्या आधी आजोबाच खेळायला बसतात, असं आमच्या घरी म्हणतात. इथं टेबलावर जे विमान ठेवलंय त्या एकाबद्दलच बोलतो, कारण ते आपल्या वर्गाचं आहे.

हे कॅनबेरा. तुम्ही सगळ्यांनी ते पाहिलेलं आहे, फक्त खालून. लोहगावचा विमानतळ वढूपासून पाखराच्या वाटेनं फार लांब नाही. तास चालू असताना विमान आलं की सर फळ्यावरचा खडू तसाच धरून थांबायचे आणि आवाज गेला की वाक्य पुढं सुरू करायचे. आपल्या लेखी ती सगळी ‘जेटं’. नावानिशी सांगणारा वर्गात एकच होता आणि तो मान वर न करता सांगायचा. ‘नाव घेऊ नको’ असं त्यानं बजावलंय, म्हणून घेत नाही. तो तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याच्या वडिलांच्या सुतारकामाच्या पडवीत आपण विटीदांडू करून घ्यायला जायचो, एवढं सांगितलं की पुरे.

कॅनबेरा हे दोन जेट इंजिनांचं ब्रिटिश बॉम्बर विमान. १३ मे १९४९ ला ते पहिल्यांदा उडालं. आपल्या हवाईदलात ते १९५७ साली आलं आणि २००७ साली आग्र्याला त्याला निरोप दिला. पन्नास वर्षं! आपल्यातले किती जण एका नोकरीत तेवढे टिकले? लांबी साधारण वीस मीटर आणि पंखांचा पसाराही जवळजवळ तेवढाच, त्यामुळे खालून बघताना घारीसारखं रुंद दिसायचं.

आपल्यातले बरेच जण १९६१ चे. त्याच वर्षी १८ डिसेंबरच्या सकाळी लोहगावहून ३५ नंबरच्या स्क्वाड्रनची बारा कॅनबेरा विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली निघाली आणि त्यांनी गोव्यात दाबोळीच्या धावपट्टीवर ६३,००० पौंड, म्हणजे सुमारे साडेअठ्ठावीस टन बॉम्ब टाकले. एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांचा हुकूम असा होता की धावपट्टी फोडायची, पण टर्मिनल आणि बाकीच्या इमारतींना धक्का लागता कामा नये. तो तंतोतंत पाळला गेला. मागोमाग १६ नंबरच्या स्क्वाड्रनची आठ विमानं गेली. १९ तारखेला पोर्तुगीजांनी शरणागती दिली. गोवामुक्तीच्या भाषणांत सत्याग्रहींचं नाव निघतं आणि ते निघालंच पाहिजे. पण त्या सकाळचा आवाज आपल्याच आभाळातून गेला होता, हे शाळेत आपल्याला कुणी सांगितल्याचं आठवत नाही.

आता किटकडे येतो. ही पेटी एअरफिक्स या इंग्लिश कंपनीची. ही कंपनी आधी हवा भरायची खेळणी आणि कंगवे बनवायची. तिनं प्लास्टिकमध्ये केलेला पहिला नमुना विमानाचा नव्हताच, फर्ग्युसन ट्रॅक्टरचा होता, १९४९ सालचा. (शेतकरी मंडळी हसतायत. हसा, पण खरं आहे.) कॅनबेराचं हे किट १९७३ साली निघालं, खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याचं. म्हणजे टेबलावरचं विमान सुमारे पावणेअठ्ठावीस सेंटीमीटर आहे. आपल्या मित्राचे मामा मुंबईच्या गोदीत कामाला होते. १९७५ साली कुठल्याशा बोटीवरच्या खलाशाकडून त्यांनी ही पेटी भाच्यासाठी आणली. वडील म्हणाले, आधी दहावी हो. दहावी झाली, मग पडवी आली, संसार आला. पेटी पत्र्याच्या ट्रंकेत आईच्या लुगड्याखाली राहिली. तो ती अधूनमधून उघडायचा, सुटे भाग मोजायचा आणि परत ठेवायचा.

सात वर्षांपूर्वी साखरेनं त्याचे डोळे गेले. गेल्या दिवाळीत त्याचा फोन आला, ‘पेटी घेऊन जा आणि विमान कर.’ न जोडलेल्या जुन्या पेट्यांना संग्राहक बरे पैसे देतात, म्हणून माझ्या मुलानं ती विकायचं सुचवलं. मी ते मित्राच्या कानावर घातलं. तो म्हणाला, ‘पन्नास वर्षं ट्रंकेत होतं तेवढं बास. मला ते चाकांवर उभं हातात पाहिजे.’ मी म्हटलं, घेऊन जाणार नाही, तुझ्या पडवीतच बसू. मग सहा महिने मी रविवारी भोसरीहून वढूला येत राहिलो.

तुम्हाला माहीत आहे, मी आयुष्यभर डाय बनवल्या. आयटीआय झालं की थेट टूलरूम. गाड्यांचे प्लास्टिकचे भाग ज्या साच्यांत पडतात ते साचे. त्यामुळे किट हातात आलं की मला आधी विमान दिसत नाही, डाय दिसते. कुठं गेट आहे, कुठं इजेक्टर पिनेनं गोल ठसा पाडलाय, कुठं साच्याचे दोन भाग नीट न बसल्यानं फ्लॅश आलाय. या पंखांवर आणि अंगावर सगळीकडं रिव्हेटांचे बारीक उंचवटे आहेत. खऱ्या कॅनबेराचं अंग गुळगुळीत. मग किटवर उंचवटे का? कारण डायमेकरला तेच सोपं. पोलादाच्या साच्यात टोच्यानं खड्डा पाडला की मालावर टेंगूळ उठतं. मालावर खड्डा हवा असेल तर साच्यात तेवढी टेंगळं शिल्लक ठेवून बाकीचं सगळं पोलाद कोरून काढावं लागतं, आणि त्या काळी ते जिकिरीचं काम होतं. म्हणजे हे ठिपके विमानाचे कमी आणि इंग्लंडमधल्या कुणा अनोळखी कारागिराच्या हाताचे जास्त. शिवाय माप बघा. अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका बहात्तर पट केला तर छत्तीस मिलिमीटर होतो, बुचाएवढा रिव्हेट! या छंदातली जाणकार मंडळी पहिलं काम काय करतात, तर पाण्याचा पॉलिश पेपर घेऊन हे सगळं घासून काढतात.

मीही सहाशे नंबरचा पेपर भिजवून बसलो. मित्रानं पंख मागितला. तर्जनी मुळापासून टोकाकडं नेली आणि म्हणाला, ‘हे इंजिनाचं घर. इथं फळी हलते ती. इथं जोड आहे.’ एकही चुकला नाही. मग विचारलं, ‘हे घासणारेस होय? का, तुला दिसतंय म्हणून?’

मी पेपर वाळत टाकला. रिव्हेट ठेवायचे ठरले आणि तिथून सगळं काम उलटं झालं. प्लास्टिकचे दोन अर्धे भाग जोडताना आपण चिकटवत नाही. पातळ द्रावण फटीत सोडलं की दोन्ही कडा विरघळून एकजीव होतात, ते खरं तर वेल्डिंगच. त्यानंतर जोडावर पुटी भरून घासावी लागते, आणि घासलं की त्या पट्ट्यातले रिव्हेट जाणार. एरवी कुणाच्या लक्षात येत नाही. यानं बोट फिरवलं आणि म्हणाला, ‘इथं टक्कल पडलंय.’ मग शिलाईच्या सुईच्या टोकावर फेव्हिकॉल घेऊन मी एकेक ठिपका परत ठेवला, अंतर मोजून. एका रविवारी चार सेंटीमीटर काम. चाळीस वर्षं मायक्रॉनमध्ये मोजणारा माणूस सुई-फेव्हिकॉलवर आला म्हणून वहिनींनी दोनदा जास्तीचा चहा दिला.

खरी अडचण नाकाची होती. पेटीतलं कॅनबेरा बी(आय)-६ जातीचं. त्यात तिघे जण बसतात आणि वर घुमटासारखी गोल काच असते. आपल्या हवाईदलाची बॉम्बर कॅनबेरा बी(आय)-५८. त्यात दोघेच. वैमानिक डाव्या बाजूला सरकून फायटरसारख्या लांबट काचेखाली एकटा बसतो आणि नेव्हिगेटर पुढं नाकात. पोटाखालच्या चार २० मिलिमीटरच्या तोफा, पंख, शेपूट, सगळं जुळतं, फक्त तोंड परकं. तसंच ठेवून त्यावर तिरंगी वर्तुळं काढता आली असती आणि गावात कुणी हरकतही घेतली नसती. तो म्हणाला, ‘आपलं कर.’

नाक त्यानं केलं. मी आराखड्यावरून पत्र्याचे सहा फर्मे कापून दिले. त्यानं शिसवीचा तुकडा घेतला, कानशीनं उतरवला, फर्मा लावून फटीत नख घालून बघायचा, परत उतरवायचा. डोळस सुतार प्रकाशात धरून बघतो, हा नखानं बघत होता. त्या लाकडी साच्यावर मी मिठाईच्या डब्याचं पारदर्शक झाकण गरम करून ओढलं. चौथ्या झाकणाला काच निर्मळ उतरली. तोपर्यंत अर्धा किलो पेढे पडवीत संपले होते. साखरेच्या माणसाला त्यातलं काही दिलेलं नाही, डॉक्टर मैत्रीण इथं बसलीय म्हणून आवर्जून सांगतो.

काम करता करता त्यानं विचारलं, दुसरा माणूस कुठं बसायचा? मी त्याच्या बोटानं जागा दाखवली आणि सांगितलं की संकटात उडून बाहेर पडायची खुर्ची वैमानिकाला होती, नेव्हिगेटरला नव्हती. त्याला उजव्या बाजूच्या दारातून स्वतःच बाहेर पडावं लागायचं. तो बराच वेळ काही बोलला नाही. लाकूड खाली ठेवलं आणि म्हणाला, ‘मग दार नीट कोर. बोटाला लागलं पाहिजे.’ ते दार इतर रेषांपेक्षा जरा खोल आहे. मापात बसत नाही, पण आहे.

शेपटीकडं वजन जास्त असल्यानं असं मॉडेल मागं बसतं, म्हणून नाकात भीमेतल्या जाळ्याचं शिसं भरलंय. हातात घ्याल तेव्हा पुढं झुकेल, घाबरू नका.

आणि रंग. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी रंग कशाला, असं मला दोघांनी विचारलं. मीही त्याला विचारलं, पण जरा वेगळ्या शब्दांत. त्यानं सांगितलं, ‘मला दिसत नाही म्हणून चुकीचा देऊ नको.’ एक अट घातली, थर पातळ पाहिजे, रिव्हेट बुडता कामा नयेत. म्हणून ब्रशला हात लावला नाही. एअरब्रशनं धुक्यासारखे थर मारले, प्रत्येक थर वाळला की तो बोट फिरवून ‘आहेत’ म्हणायचा. पाठीवर गडद हिरवे आणि राखाडी पट्टे. ते सांगितल्यावर तो हसायला लागला, कारण पाठ आपण कुणीच कधी पाहिली नव्हती, आपल्या वाट्याला कायम पोटच आलं. वर्तुळं पेटीतली ब्रिटिश होती, पन्नास वर्षांत पिवळी पडून तडकलेली. ती ठेवून दिली. आपली कंपासच्या पात्यानं मास्क कापून रंगवली, बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. क्रम त्यानं मला दोनदा म्हणायला लावला.

विमान आज संध्याकाळी त्याच्या घरी जाईल. शाळेच्या कपाटात ठेवायची सूचना सकाळी आली होती. तो नको म्हणाला, कपाटाला कुलूप असतं. त्याआधी चहाच्या सुट्टीत ज्यांना बघायचंय त्यांनी जरूर हातात घ्या, फक्त शेपटीखालच्या बारीक तारेला जपा. डोळे मिटून डाव्या पंखाच्या मुळाशी बोट फिरवा. तिथं एक ओळ इंग्लंडची आहे आणि तिला लागून एक फेव्हिकॉलची. कुठली कुठं संपते ते त्याला अचूक सांगता येतं. मला, ओळ मीच घातली असून, येत नाही. बघा तुम्हाला येतं का.

मागून हात दाखवतायत, वेळ संपली.