फॉर्मवर खरं लिहा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आपल्या बॅचची मालवणची सहल ठरते आहे आणि ग्रुपवर रोज ‘स्कुबा करू’ चाललं आहे. बँकेच्या बदलीमुळे मी काही वर्षं त्या भागात काढली, तिथे स्कुबा रीतसर शिकलो, म्हणून आयोजकांनी मलाच उभं केलं.

जऊळक्याच्या पोट्ट्याला पाण्याची काय भीती? पाठीला वाळलेला भोपळा बांधून आपण विहिरीत पोहायला शिकलो. त्याच तोऱ्यात पंचेचाळिसाव्या वर्षी मी फॉर्म भरला. रक्तदाब? नाही. गोळ्या चालू? नाही. गोळी सकाळीच घेतली होती!

चौथ्या दिवशी १२ मीटर खोलीवर चष्म्यात पाणी शिरलं. छाती धडधडली, श्वास पुरेना. मी सरळ वर निघालो. शिक्षकाने जाकीट धरून मला थांबवलं, तळहात दाखवला. थांब. श्वास घे.

नावेवर आल्यावर त्याने समजावलं. समुद्रात १० मीटरवर दाब दुप्पट होतो. तिथे छातीत भरलेली हवा श्वास रोखून वर आणली तर ती दुप्पट व्हायला बघते आणि फुप्फुस फाटू शकतं. म्हणून श्वास कधीच रोखायचा नाही, मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेगाने वर यायचं नाही, ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं. घाई केली तर अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, गोटी सोडा फोडल्यासारखे. सांधे दुखतात, हातपाय बधिर होतात. अशा माणसाला आडवं झोपवून शुद्ध ऑक्सिजन द्यायचा आणि दाबकक्ष असलेलं रुग्णालय गाठायचं. तसा कक्ष कुलाब्याला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात आहे. मालवणहून अंतर तुम्हीच मोजा.

त्या रात्री झोप लागली नाही. पोरगी दहावीत होती.

तेव्हा बीपी, शुगर, दमा, अँजिओप्लास्टी, कानाचं ऑपरेशन, साधी सर्दीसुद्धा, सगळं फॉर्मवर लिहा. त्याआधी आपल्या डॉक्टरला विचारा. तो नको म्हणाला तर नावेत बसा, आमचे फोटो काढा. नावेत चढताना ऑक्सिजनचा सिलिंडर कुठे आहे ते विचारा, लाजू नका. पूर्ण कोर्सला २०० मीटर न थांबता पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं लागतं, वेळेची अट नाही. आपलं पोट बघता चालायला उद्यापासूनच लागा. आणि खोल डुबकी मारून त्याच संध्याकाळी आंबोली घाट चढू नका, तो सुमारे ७०० मीटर उंच आहे. विमानाचं तर नावच नको, निदान १८ तास जाऊ द्या.

समुद्र वर्षातून एकदा, विहिरी मात्र इथे शेतोशेती. कुणी बुडालं की आपण मागेच उडी घेतो आणि दोघं जातात. आधी दोर टाका, ट्यूब टाका. बाहेर काढलेल्याला उलटं धरून गरगर फिरवू नका, पोट दाबू नका. श्वास चालत नसेल तर १०८ ला फोन लावायला सांगा, आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीवर दाब. ३० दाबांमागे २ श्वास.

सरावाचा पुतळा मी सोबत आणला आहे, आपल्या जुन्या दहावीच्या वर्गात ठेवलाय. जेवणं झाली की दोघंदोघं या. सर, तुमचे गुडघे दुखतात. तुमच्यासाठी पुतळा टेबलावर ठेवतो.