नावामागचा माणूस : अमेरिकेतील इंग्रज पूर्वजांचा शोध



एकोणिसाव्या शतकात लाखो इंग्रज माणसे अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेत स्थायिक झाली. त्यांचे वंशज आज मूळ पुरुषाचा शोध घेऊ लागतात, तेव्हा एक वेगळीच अडचण उभी राहते. जर्मन किंवा इटालियन स्थलांतरित भाषेवरून व आडनावावरून ओळखू येतो. इंग्रज माणूस मात्र तीच भाषा आणि तीच आडनावे असलेल्या समाजात विरघळून गेला. जॉन स्मिथ कागदोपत्री शेकड्यांनी सापडतात. त्यांतील आपला कोणता, हा खरा प्रश्न.

नाव हा पहिला धागा असला, तरी तो भरवशाचा नव्हे. धावत्या घोड्याची छायाचित्रे १८७८ साली टिपून कीर्ती मिळवणारा एडवर्ड मायब्रिज १८३० साली लंडनजवळच्या किंग्स्टन येथे जन्मला, तो एडवर्ड मगरिज या नावाने. अमेरिकेत त्याने आडनाव एकाहून अधिक वेळा बदलले आणि छायाचित्रांवर ‘हेलिऑस’ अशी मुद्रा घातली. १९०४ साली मायदेशी त्याचे निधन झाले, तेव्हा थडग्यावर आडनाव कोरले गेले ‘मेब्रिज’. कीर्तिवंताची ही कथा, तर गिरणीत राबणाऱ्या निरक्षर मजुराची काय असेल?

म्हणून जाणकार संशोधक उलट्या वाटेने, मृत्यूकडून जन्माकडे चालतात. १९०० च्या अमेरिकन जनगणनेत स्थलांतराचे वर्ष मिळते. १८८० च्या जनगणनेत आईवडिलांचा जन्मदेश. १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ च्या वॉशिंग्टनमधील आगीनंतर नष्ट झाले, त्यामुळे वीस वर्षांची पोकळी इतर नोंदींनी भरावी लागते. १८५० पूर्वीच्या जनगणनेत तर केवळ कुटुंबप्रमुखाचेच नाव आढळते.

१८२० पासून अमेरिकेत येणाऱ्या जहाजांच्या उतारूंच्या याद्या उपलब्ध आहेत. १८५५ ते १८९० या काळात न्यूयॉर्कला येणारे उतारू कॅसल गार्डन येथे उतरत. एलिस बेट १८९२ साली सुरू झाले. बेटावरच्या कारकुनाने आमचे आडनाव बदलले, ही अनेक घराण्यांतील आवडती आख्यायिका. वस्तुतः तेथील कारकून जहाजाबरोबर आलेली यादी समोर ठेवून तपासणी करीत. बदल बहुधा पुढे, नव्या जगात वावरताना माणसाने स्वतःच केलेला असे.

खरी कसोटी गावाचे नाव मिळवण्याची. याद्यांत पुष्कळदा नुसते ‘इंग्लंड’ लिहिलेले असते. गाव सापडते ते थडग्यावरील लेखात, मृत्युवार्तेत किंवा जपून ठेवलेल्या पत्रात. ते एकदा हाती आले, की १ जुलै १८३७ पासूनची इंग्लंडमधील नागरी नोंदणी आणि त्याआधीची चर्चची दप्तरे बोलू लागतात.

या शोधात सर्वांत आधी हरवते ती स्त्री. विवाहाने तिचे आडनाव पुसले जाई. १८५५ च्या कायद्यानुसार परदेशी पत्नीला पतीच्या नागरिकत्वातूनच नागरिकत्व मिळे, म्हणून तिच्या नावाचा स्वतंत्र कागद सहसा नसतो. तरीही इंग्लंडमधील अपत्याच्या जन्मदाखल्यावर आईचे माहेरचे आडनाव लिहिलेले असते. त्या एका रकान्यातून विस्मरणात गेलेली आजी आपल्या माहेरासह परत येते.

प्रांत ओलांडून आलेल्या मराठी कुटुंबांनाही हा बोध परका नाही. एकच आडनाव परप्रांतीच्या लिपीत आणि इंग्रजीत निरनिराळे उमटते. घरातील वडीलधारी मंडळी हयात आहेत, तोवर मूळ गाव, आजीचे माहेर आणि स्थलांतराचे वर्ष या तीन गोष्टी प्रत्येक पालकाने लिहून ठेवाव्यात. उद्याच्या शोधकाला त्याहून मोलाचा वारसा दुसरा नाही.